मरळ, पाईक आणि पाच नंबरची काठी

हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय. लिहायला बसलो की काहीतरी निघायचं आणि राहून जायचं. खरं सांगायचं तर निघायचं वगैरे काही नाही, लिहायची लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला, "मामा, दिवाळीला येतोय, तिकडून कुठली काठी आणू?" आणि मी त्याला जे उत्तर दिलं ते ऐकून तो म्हणाला, "एवढं सगळं एकदा लिहून का काढत नाहीस?" तर काढतो.

भाचा आयर्लंडमध्ये असतो. तिथली तळी, तिथला पाऊस आणि तिथला पाईक नावाचा मासा, या तिन्हींचं त्याला वेड लागलंय. पाईक आपल्याकडे नाही. लांबट, हिरवट अंगाचा, बदकासारख्या चपट्या तोंडाचा आणि त्या तोंडात सुयांसारखे दात असलेला हा शिकारी. पाणवनस्पतीत हलेना डुलेना असा उभा राहतो आणि समोरून काही गेलं की बाणासारखा सुटतो. भाच्यानं पहिल्यांदा फोटो पाठवला तेव्हा मी त्याला लगेच लिहिलं, "अरे, ही तर आपली मरळ!" शास्त्रीयदृष्ट्या हे साफ चूक आहे, दोघांचा काही नात्यागोत्याचा संबंध नाही. पण स्वभाव तोच. आमच्या मराठवाड्यातल्या पाझर तलावात, पाणकणसात आणि बेशरमीच्या मुळ्यांत दबा धरून बसणारी मरळ म्हणजे आमचा पाईकच म्हणा ना.

मात्र मरळीची एक गोष्ट पाईकमध्ये नाही, आणि आजचा सगळा विषय त्या एका गोष्टीशी येऊन थांबतो. मरळ हवा खाते. तिला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी वेगळी जागा असते आणि थोड्या थोड्या वेळानं पृष्ठभागावर येऊन ती एक घोट हवा घेऊन जाते. म्हणूनच बाजारात मरळ पाटीत जिवंत वळवळत असते. म्हणूनच दुष्काळात तलाव आटला तरी ओल्या चिखलात ती तग धरू शकते. आमच्या अण्णाच्या (चुलतभाऊ, गंगापूर तालुका) गावचा तलाव २०१६ च्या उन्हाळ्यात तडकलेल्या पापडासारखा झाला होता. त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आठवत असेल. पुढच्या पावसानंतर कुणी बीज न सोडता तलावात मरळ हजर! गावातल्या म्हातार्‍यांना त्याचं काहीच आश्चर्य वाटलं नाही.

निजामाच्या राज्यातले आपण, त्यामुळे मरळीशी आपला आणखी एक संबंध आहे. मृग लागला की हैदराबादला दम्यावर जिवंत मासोळी गिळायला माणसं जातात ना, ती मरळीचीच पिल्लं. डॉक्टर लोक त्या औषधाला मानत नाहीत, आमच्या एका आत्याचा मात्र ठाम विश्वास होता. तेलंगणानं तर मरळीला राज्यमासा करून टाकलंय. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला मान दिला. कोकणाचं राजकारण मोठं, दुसरं काय :)

असो. मूळ मुद्दा सामानाचा.

लहानपणी आमचं सामान म्हणजे वडिलांच्या हातची बांबूची काठी, तंगूस, बुचाचा तुकडा, शिशाचा गोळा आणि गळ. आई माळकरी. पैठणची वारी न चुकणारी. वडील मासे आणत ते मागच्या दारानं, आणि शिजायचे ते अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. या विषयावर दोघांचं कधी भांडण झालेलं मला आठवत नाही आणि एकमत झालेलंही आठवत नाही. वडिलांचा तंगूस इतका जाड असायचा की मी एकदा विचारलं होतं, एवढा जाड कशाला, माशाला दिसणार नाही का? ते म्हणाले, "दिसू दे. त्याला यायचं तर येईल. आला तर परत जाता कामा नये अर्धवट." मला तेव्हा ते निव्वळ कंजूषपणाचं वाटलं. गळ तुटला की चार आणे गेले, असा त्यांचा हिशोब असणार असं मी धरून चाललो. चाळीस वर्षं धरून चाललो.

तर २०२३ च्या डिसेंबरात भाच्यानं मला एक फ्लाय रॉड भेट दिला. फ्लाय म्हणजे माशी. दोर्‍यानं गळावर पिसं, केस बांधून केलेली खोटी माशी, नाहीतर खोटी मासोळी, खोटा बेडूक. (माशीनं मासा धरायचा, मराठीत हे फारच छान जमतं.) काठी सुरेख. नऊ फुटी, हातात घेतली तर आहे की नाही कळू नये इतकी हलकी. मुठीच्या वर बारीक अक्षरात आकडा: ५.

हा आकडा काय असतो ते सांगतो, कारण इथंच सगळे फसतात. नेहमीच्या रॉडला आमिषाचं किंवा शिशाचं वजन असतं, ते वजन उडतं आणि मागून दोरी ओढून नेतं. फ्लायला वजनच नाही. पिसाला काय वजन असणार? म्हणून इथे उलटा कारभार. दोरीच जाड आणि वजनदार असते, ती आसुडासारखी मागे-पुढे फिरवायची, ती उडते आणि माशीला आपल्याबरोबर घेऊन जाते. काठीवरचा आकडा म्हणजे ती कुठल्या वजनाची दोरी पेलते त्याचा नंबर. दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन मोजतात: ५ नंबरला सुमारे ९ ग्रॅम, ८ नंबरला साडेतेरा, ९ ला साडेपंधरा, १० ला १८. बास, एवढंच गणित. पण यातून पुढचं सगळं ठरतं. ५ नंबर ही ट्राउटची काठी. नखाएवढ्या माशा उडवायला बनवलेली. पाईकला लोक ८ ते १० नंबर वापरतात. पाईक फार ताकदीचा असतो हे कारण आहेच, पण पहिलं कारण वेगळंच. पाईकची माशी वीतभर लांब, केसाळ आणि भिजली की ओल्या फडक्यासारखी. ९ ग्रॅमची दोरी ती ओढून नेऊच शकत नाही. वार्‍यात तर ती माशी तुमच्याच कानात येऊन रुतते.

हे सगळं मला तेव्हा माहीत होतं का? वाचलेलं होतं. भाच्यानंही बिचार्‍यानं सांगितलं होतं की ही काठी छोट्या माशांसाठी आहे, मामा. पण जोडीला असंही म्हणाला होता की तिकडे काही जण मुद्दाम हलकं सामान वापरतात, त्यात खेळाची मजा जास्त, माशालाही संधी मिळते. मी यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

२०२४ च्या जुलैत, आषाढात, अण्णाच्या गावी गेलो. तलावाचा ठेका तिथल्या मच्छीमार संस्थेकडे आहे. ते त्यात रोहू-कटल्याचं बोटुकली बीज सोडतात आणि मरळ ते बीज खाते, म्हणून मरळ कुणी काढली तर त्यांना आनंदच. संस्थेतल्या एका वयस्कर सभासदांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही म्हणतो. नानांना विचारलं, ते म्हणाले, काढा की. परवानगीचा प्रश्न मिटला. (कुणी म्हणेल नाथसागर एवढा जवळ असताना पाझर तलाव कशाला? जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं काठी घेऊन हौस करायला मी जात नाही. पोटासाठी जाळं टाकणार्‍यांचा प्रश्न वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

बांधाच्या कडेनं चालताना पाण्यात एक लालसर धग दिसली. दुपारच्या भाकरीच्या टोपल्याएवढी. बारीक बारीक बुडबुडे, जणू तिथं पाणी उकळतंय. मरळीची पिल्लं. लाल-शेंदरी रंगाची शेकडो पिल्लं घोळक्यानं वर येऊन हवा घेतात, आणि त्यांच्याखाली हातभर अंतरावर आईबाप पहारा देत असतात. जे जवळ येईल, बेडूक, पाणसाप, दुसरा मासा, त्याच्यावर तुटून पडतात. भूक असो नसो.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच मी माशी तिथं टाकली.

तीनदा चुकली, कारण ५ नंबरच्या दोरीनं ती बेडकाच्या आकाराची माशी जाईचना. चौथ्यांदा वारा पडला आणि ती घोळक्याच्या कडेला पडली. पाणी फुटलं. काठी वाकून मुठीपर्यंत आली. मी ट्राउटवाल्यांच्या व्हिडिओत बघितल्याप्रमाणे काठी उंच उचलली. ज्याच्या जबड्याचं हाड सुपारीसारखं आहे त्याला एवढ्यानं काय होणार. पण गळ कुठंतरी रुतला. ती सरळ बेशरमीत शिरली. टोकाची दोरी ६ पौंडांची. तट्. एवढाच आवाज.

मी घरी येऊन अण्णाला रंगवून रंगवून सांगितलं. तीन किलोची तरी असेल, चार म्हणायलाही हरकत नाही. "निसटली तीच सगळ्यात मोठी" हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेच.

तिसर्‍या दिवशी सकाळी नाना आले. हातात माझी माशी. म्हणाले, "सायेब, ही तुमचीच ना?" बेशरमीच्या मुळीला दोरी गुंडाळली होती, पाण्याच्या हातभर खाली, आणि दोरीच्या दुसर्‍या टोकाला मरळ. मेलेली. मी म्हटलं, गळ वर्मी लागला असेल. नाना म्हणाले, "न्हाई वं. व्हटाला होता गळ. ते बुडून मेलं. दम घ्यायला वर येऊ देलं न्हाई तुमच्या दोरीनं." मग थोडं थांबून, "कामून एवढी बारीक दोरी लावली?"

मासा बुडून मेला. हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं. हसू येण्यासारखं आहे, येत नाही. पिल्लांचा घोळका मी दुपारी शोधला. एक जोडीदार उरला असणार, त्यामुळे कदाचित निभावलं असेल. मला दिसला नाही एवढं खरं.

आता माझं मत. हलक्या सामानात माशाला संधी मिळते, हे वाक्य मला आता पटत नाही. संधी द्यायची ती गळ लागायच्या आधी. जाळं टाकू नका, सुरुंग लावू नका, खोटा बेडूक टाका, त्याला ओळखू द्या, नाकारू द्या. ही संधी. एकदा गळ लागला की संधी संपली, मग उरतो फक्त त्रास, आणि तो त्रास किती मिनिटांचा असावा हे तुमच्या सामानावर ठरतं. बारीक दोरीवर मासा वीस मिनिटं झुलवत ठेवणं ही मर्दुमकी नव्हे. आणि आपल्याकडे तर मुळीच नव्हे, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. आयर्लंडच्या गार पाण्यात दमलेला मासा सोडला तर सावरतो. आमच्या एप्रिलमधल्या तलावात दमवून सोडलेली रोहू पोहत जाते आणि दृष्टीआड मरते, आणि आपण पुण्य केलं म्हणून घरी येतो.

मग मरळीला काय घ्यावं? मी आता ९ नंबरची काठी म्हणतो. ८ चालेल, त्याखाली नको. १० पाईकला ठीक, आपल्याकडे दिवसभर फिरवून खांदा जातो. लांबी नऊ फूट. दोरी तरंगणारी हवी. पाईकला थंडीत खोल पाण्यात बुडणारी दोरी लागते, आमच्या कंबरभर पाण्याच्या तलावात तिचं काय काम. आणि दोरी घेताना उष्ण हवेसाठी बनवलेली आहे ना ते बघा. थंड देशांसाठी केलेली दोरी आपल्या उन्हात शेवयांसारखी लिबलिबीत होते, कड्यांना चिकटते. माझी झाली. रीळवर पैसे घालवू नका. मरळ पाईकसारखीच जवळच्या जवळ धुमाकूळ घालते, शेकडो फूट पळत नाही. दोरी हातानंच ओढायची असते, रीळ म्हणजे नुसती दोरी ठेवायची डबी. लोक नेमके उलटं करतात: चकचकीत रीळ आणि कामचलाऊ दोरी.

टोकाचा तंगूस, म्हणजे माझं जिथं चुकलं ते. पाईकला लोक तारच लावतात, त्याचे दात नायलॉन कापतात म्हणून. मरळीलाही दात आहेत पण जाड तंगूस सहसा पुरतो. ३० ते ४० पौंडांचा, चार-पाच फूट, बास. दिसेल का माशाला? दिसू दे.

गळ एकच, मोठा, आणि त्याचा काटा पकडीनं दाबून सपाट केलेला. काटा सपाट असला की मासा सोडताना ओठ फाटत नाही, आणि दोरी तुटलीच तर गळ सुटून पडायची शक्यता तरी राहते. गळापुढं कडक नायलॉनचा एक अर्धगोल बांधायचा म्हणजे माशी गवतात अडकत नाही. आणि काठी उचलून झटका द्यायचा नाही! मरळीनं तोंड मिटेपर्यंत एक श्वास थांबायचं, मग काठी खाली तशीच ठेवून डाव्या हातानं दोरी सरळ मागे खेचायची. पाईकवाले हेच सांगतात. ही एक सवय मोडायला मला सहा महिने लागले.

बेडूक मी घरीच करतो. परदेशात हरणाचे केस वापरतात, आपल्याकडे त्याचा विचारसुद्धा नको. जुन्या स्लिपरचा फोम कापून अंग, खाटकाकडून आणलेले बकर्‍याच्या शेपटीचे केस म्हणजे पाय. काळ्या केसांचा गढूळ पाण्यात चांगला दिसतो. बायकोची एक पॅरागॉन यात कामी आली, ती अजून शोधतेय.

हे सगळं नवीन आहे अशातला भाग नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आमच्या बीदर-बसवकल्याणकडचा, त्यानं ११३० च्या सुमारास मानसोल्लास लिहिला. त्यात मत्स्यविनोद म्हणून एक भाग आहे. कुठला मासा कुठे राहतो, त्याला काय खायला घालावं, काठी कशी, दोर कसा, गळ कसा, सगळं. राजाला राज्य करता करता दोराच्या जाडीचा विचार करायला वेळ होता आणि मी आकडा न बघता निघालो होतो.

सामानाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे कधी. मी आता मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत मरळीला काठी लावत नाही. पिल्लांवर टाकलेली माशी मरळ धरतेच, त्यात आपलं कौशल्य शून्य. तो आईबापाच्या स्वभावाचा घेतलेला फायदा. आपल्याकडे श्रावण पाळतात, पण मरळ आषाढापासूनच पिल्लं सांभाळत असते, तेव्हा श्रावणावर भागत नाही. आयर्लंडमध्ये २००६ पासून नियम आहे की ५० सेंटिमीटरपेक्षा मोठा पाईक मारायचा नाही आणि दिवसाला एकच न्यायचा. म्हणजे मोठा सोडायचा आणि छोटा खायचा. नानांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. पण मग म्हणाले, मोठ्या मरळीची अंडी लई असतात, हे खरं.

ताईला (भाच्याची आई, आईच्या मागे वारी तीच सांभाळते) मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग टाकतोसच कशाला?" मी म्हणालो, खातो म्हणून. ती म्हणाली, "मग बाजारातून आण." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. बाजारातली मरळ कुणीतरी काढलेलीच असते, एवढं म्हणालो. "ते त्यांचं पोट आहे, तुझी हौस आहे," म्हणाली. आई असती तर एवढंही बोलली नसती.

तरी मी जाणार आहे. दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, ९ नंबरची काठी घेऊन. एक मिळाली तर एक आणायची, पटकन मारून. वडील मासा काढला की पहिल्यांदा दगड शोधायचे, डोक्यावर एकच घाव, मग बाकी सगळं. तेही मला तेव्हा क्रूर वाटायचं.

भाचा विचारत होता की मग ५ नंबरचीचं काय करणार, परत नेऊ का? म्हटलं अजिबात नको. ती आता अण्णाच्या नातीची आहे. सात वर्षांची पोर, बांधावर बसते, नखाएवढ्या माशीला भाकरीचा चुरा चोपडते (शुद्ध फ्लायवाल्यांनी डोळे मिटून घ्यावेत) आणि तळहाताएवढ्या चिलाप्या काढते. काठी त्या माशाला अगदी बरोबर वाकते. गेल्या रविवारी सात काढल्या. काटे सगळे मी दाबून ठेवलेत, पण पक्कड तिला स्वतःची हवी आहे, लाल मुठीची. ती तेवढी आणायची राहिलीय.